नवा कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश) करायचा तर ठरवतं कोण?

प्रश्न (ऐरोली): वस्ती वाढली, चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला (उपासनेला) लोक पार दाराबाहेर उभे असतात. स्वतंत्र धर्मग्राम, म्हणजे आपलं चर्च आणि आपले फादर, हवा असं सगळेच म्हणतात. हे बिशप एकटेच ठरवतात का?

उत्तर (ठाणे): निर्णय त्यांचाच, पण धर्मगुरूंच्या मंडळाचं मत ऐकल्याशिवाय त्यांना नवा धर्मग्राम करता येत नाही. १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, तसं स्पष्ट आहे. पैशाचं मात्र वेगळं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या चर्चच्या अर्थसमितीत आहे. व्हाउचर आणि दानपेटीची वही ताडून बघतो. अशी समिती प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची आहे. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या धर्मग्रामांच्या मिळून, अर्थसमितीत किमान ३ जण लागतात, हिशेब आणि कायद्यातले जाणकार. बिशपांचे जवळचे नातेवाईक चालत नाहीत! ठरावीक रकमेवरची धर्मप्रांताची जमीन विकायची तर या समितीची आणि ६ ते १२ सल्लागार धर्मगुरूंच्या मंडळाचीही संमती लागते, नुसता सल्ला पुरत नाही. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

प्रश्न (ऐरोली): मग आम्ही प्रापंचिकांनी, म्हणजे साध्या भाविकांनी, कुठे बोलायचं काका?

उत्तर (ठाणे): पाळकीय मंडळात, म्हणजे धर्मग्रामात फादरांना सल्ला देणाऱ्या मंडळात. त्याचं मत सल्ल्यापुरतंच, तरी सोडू नका. मिस्साला किती माणसं येतात, धर्मशिक्षणाला किती मुलं, सगळं लेखी द्या. आधी तुमच्या फादरांना भेटा.