बार्टन हॉल, ८ मे १९७७: एवढी कीर्ती कशामुळे?

प्रश्न: ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडचे कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधील हे ध्वनिमुद्रण मी नुकतेच ऐकले आणि अक्षरशः भारावून गेलो. या बँडने हजारो कार्यक्रम केले असताना नेमका हाच कार्यक्रम इतका नावाजला का जातो?

उत्तर १: दुसऱ्या सत्राच्या आरंभी ‘स्कार्लेट बेगोनियाज’ हे गाणे संपता संपता जेरी गार्सियाची गिटार मोकळी फिरू लागते, फिल लेशची बास गिटार हळूहळू नवी चाल धरते आणि ‘फायर ऑन द माउंटन’ हे पुढचे गाणे केव्हा सुरू झाले हे कळतही नाही. हा सांधा हेडफोन लावून पुन्हा ऐकावा. दोन्ही ड्रमवादक तिथे कमालीचा संयम राखतात.

उत्तर २: श्रेय ध्वनिमुद्रण करणाऱ्या बेटी कँटर-जॅक्सन यांनाही द्यायला हवे. त्यांनी थेट मिक्सरवरून घेतलेल्या टेपमध्ये प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते. रसिकांनी एकमेकांना प्रती करून दिल्यामुळे हा कार्यक्रम २०१७ मधील अधिकृत प्रकाशनाच्या कितीतरी आधीच जगभर पोहोचला होता.

उत्तर ३: माझ्या मते मात्र याच बँडचा १९७२ चा व्हेनेटा (ओरेगन) येथील कार्यक्रम अधिक धाडसी आहे. तरीही कॉर्नेलच्या कार्यक्रमातील ‘मॉर्निंग ड्यू’ या गाण्यात गार्सिया अखेरीस ज्या त्वेषाने सूर चढवत नेतो, त्याला तोड नाही.