कर्णबधिर मुलींसाठी वर्गात दुभाषी म्हणून बसू का? (बजेट १५ हजार, गाव सोडता येत नाही)

दिग्रसची_ताई
नमस्कार. डी.एड. झालंय, नोकरी नाही. धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर, निवासी शाळेत शिकला. त्याच्यामुळे मला सांकेतिक भाषा बऱ्यापैकी येते. गावच्या शाळेत आठवीत ऐकू न येणाऱ्या दोन मुली आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, रोज वर्गात बसा आणि सर काय शिकवतात ते हातांनी सांगा, लोकवर्गणीतून महिना ५ हजार देऊ. दुभाष्याचा डिप्लोमा नसताना हो म्हणू का? शिकायचं तर १५ हजारांच्या वर जमत नाही. मुलगी ३ वर्षांची, त्यामुळे घरबसल्या काही असेल तरच सांगा.

नागपूरकर_७१
दिल्लीला जा ताई. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र, २०१५ पासून आहे. दुभाष्याचा डिप्लोमा, बारावीवर होतो. माझ्या साडूच्या मुलीनं केला म्हणून खात्रीनं सांगतो.

दिग्रसची_ताई
दादा, गाव सोडता येत नाही असं वर लिहिलंय.

नागपूरकर_७१
मग मुंबई. बांद्र्याला अली यावर जंग संस्था.

मशीनवाले_काका
दुभाषी कशाला? मूकबधिर मुलांना कानाची चांगली मशीन घ्या, सगळं ऐकू येतं. नातवाला १ लाख १० हजारांची जोडी घेतली. तिच्या सेलवर स्टिकर असतं, ते काढलं की हवा लागून सेल सुरू होतो, मग वापरा नाहीतर नका वापरू. पठ्ठ्यानं एका दुपारी अख्खं पाकीट सोलून ठेवलं! पावसाळ्यात दमट हवेनं एक मशीन गेली. दुसरी डबीत आहे. पण मशीन एक नंबर.

वऱ्हाडी_पोट्टं
काका, ताईनं मशीनचं इचारलं काय? नातू कायले आणता मधात. ताई, ५ हजारात महिनाभर कोणी कापूस येचाले येत नाई राजेहो. १५ मागा.

नियमावली
१९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर स्वतःला दुभाषी म्हणवू नका. शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक मागवा.

बाभूळगाव_मास्तर
मागवले होते. महिन्यातून एकदा आले, हजेरीवर सही केली, चहा घेतला. पोरानं विचारलं, हे कोण होते?
आणि ५ हजार कमीच आहेत, १५ तरी मागा.

बहिरा_बिनधास्त
काका, मी बहिरा. मूक नाही. माझं भांडण बघायला या एकदा.
मी साध्या शाळेत ५ वर्षं फळा उतरवून घेतला. सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं. काय लिहिलं ते कळत नव्हतं. मास्तर खूश, आई खूश.
ताई, भाऊ काय करतो?

मशीनवाले_काका
आमच्या काळी मूकबधिरच म्हणत. शाळांच्या पाट्यांवर आजही आहे. त्यात वाईट काय?

(यावर अकरा प्रतिसाद झाले, सगळे पाट्यांवर.)

हात_बोलतात
मी अमरावतीला कॉलेजात हे काम करते, डिप्लोमा करून. ताई, खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, चेहरा काळा दिसतो. जागा सरांच्या शेजारी, फळ्याजवळ. कपडे गडद आणि साधे, बांगड्या कमी. सर फळ्याकडे तोंड करून लिहितात आणि लिहिता लिहिता बोलतात. तेव्हा पोरीनं फळा बघायचा की तुमचे हात? लिहा, थांबा, मग बोला, हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगा. वीस-तीस मिनिटांनी मेंदू दमतो, हात चुकतात. नीट व्यवस्था असते तिथे दोघं आलटून पालटून करतात. एकटीनं सगळे तास धरू नका. आणि मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. मोह फार होतो.
पण या मुलींना सांकेतिक भाषा येते का?

दिग्रसची_ताई
नाही. मोठी घरच्या खुणा करते. भाकर, पाणी, बैल, आई रागावली. धाकटी थोडंफार ओठांवरून ओळखते. माझ्या खुणा दोघींनाही कळत नाहीत, हसतात.

हात_बोलतात
मग 'गुरुत्वाकर्षण' कोणत्या भाषेत सांगणार? दुभाष्याला दोन भाषा लागतात, इथे दुसरी अजून आलेलीच नाही. आधी ती यायला हवी. यूट्यूबवर १० हजार शब्दांचा कोश फुकट आहे. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्हीचं ३१ नंबरचं चॅनल सांकेतिक भाषेचं आहे, पण त्यातून बालभारतीचा धडा धड्याला जुळेल असं नाही.

बहिरा_बिनधास्त
भाषा माणसाकडून येते. भावाला आणा. बहिऱ्यांनी सांकेतिक भाषा शिकवायची, त्याचाही वेगळा डिप्लोमा आहे.

नागपूरकर_७१
तो पण दिल्लीला होतो.

दिग्रसची_ताई
सगळ्यांचे आभार. ठरलं. ५ हजारांनाच हो म्हटलं (रागावू नका). त्यातले २ हजार भावाला देणार. तो पुसदला छपाईच्या दुकानात आहे, रविवारी एसटीनं येईल. सरांनी कागदावर 'दुभाषी' लिहिलं होतं, मी खोडून 'मदतनीस' करायला लावलं. तूर्त फक्त गणिताच्या तासाला बसते, आकडे तरी दाखवता येतात. काल पहिला रविवार झाला. तीन तास दोघी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, भावालाच धरून बसल्या. मोठीनं आपल्या बैलाचं नाव विचारून घेतलं, म्हणजे खुणेत त्याचं नाव कसं ठेवायचं ते.

वऱ्हाडी_पोट्टं
काय ठेवलं मंग?

दिग्रसची_ताई
एक शिंग वाकडं. तीच खूण.

मशीनवाले_काका
डबीतली मशीन पाठवू का? एकाच कानाची आहे.

नागपूरकर_७१
दिल्लीचे फॉर्म निघाले की टाकतो इथे.