पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा): रॅक "१ई२" शोधला तर "१००" का सापडतो?

गोदाम_नाशिक: आमच्या गोदामात नव्या रॅकना "१सी२", "१डी२", "१ई२" असे नंबर आहेत, जुन्यांना नुसते आकडे: "१००", "१०१". "१ई२" शोधलं की "१००" मधला माल दिसतो. सी आणि डी रांगा ठीक चालतात. व्हार डंप (किंमत आणि तिची जात दाखवणारं फंक्शन) करून पाहिलं, दोन्हीकडे स्ट्रिंगच आहे, म्हणजे आकडा नव्हे, मजकूर. तुलना == (सैल तुलना) ने, पीएचपीची आवृत्ती ८.२. हा घोळ आठमध्ये मिटला होता ना?

जुनाकोड: अर्धाच मिटला. २०२० च्या ८.० मध्ये आकडा विरुद्ध स्ट्रिंग ही तुलना सुधारली. आधी ० == "एबीसी" खरं यायचं, आता खोटं येतं. पण दोन्ही बाजूंच्या स्ट्रिंग आकड्यासारख्या दिसल्या, की == अजूनही त्यांचे आकडे करूनच ताडून बघतं. "१ई२" म्हणजे १ गुणिले १० चा वर्ग, म्हणजे १००. सी आणि डी ला असा अर्थ नाही, म्हणून त्या रांगांत घोळ होत नाही. "००७" आणि "७" सुद्धा असेच सारखे ठरतात.

रॅकचा नंबर हे खरं तर नाव आहे हो, त्याची बेरीज कोण करतं? तिथे === च हवं, म्हणजे जात आणि मजकूर दोन्ही सारखे असतील तरच खरं म्हणणारी कडक तुलना. इन ॲरे (यादीत शोधणारं फंक्शन) वापरत असाल तर तिसरं आर्ग्युमेंट ट्रू द्या, म्हणजे तेही === सारखं ताडेल. स्विचही आतून == च वापरतो; त्याऐवजी मॅच घ्या, तो === वापरतो.

गोदाम_नाशिक: === लावलं. "१ई२" बरोबर येतो, पण आता "१००" सापडतच नाही! फॉरईचमध्ये (एकेक नोंद बघणारं लूप) ॲरेच्या की शी, म्हणजे यादीतल्या नोंदीच्या नावाशी, तुलना करतोय.

जुनाकोड: मग बरोबर आहे. ॲरेची की म्हणून "१००" दिलं की पीएचपी गुपचूप त्याचा इंटिजर (पूर्णांक) करतं. "१ई२" आणि "००७" मात्र स्ट्रिंगच राहतात. त्यामुळे एकाच ॲरेत दोन जातीच्या की झाल्यात. तुलनेआधी की स्ट्रिंगमध्ये कास्ट करा (बदलून घ्या). पण परत == वर जाऊ नका, कृपा करून.

रात्रपाळी: त्याच कोडमध्ये लॉगिन असेल तर तेही आजच उघडा. "२४०६१०७०८" आणि "क्यूएनकेसीडीझेडओ" (इंग्रजी कॅपिटल अक्षरांत) यांचे एमडी५ हॅश (मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण) वेगळे आहेत, पण दोन्ही "०ई" ने सुरू होतात आणि पुढे नुसते अंक. ० ला १० च्या कुठल्याही घाताने गुणलं तरी शून्यच, त्यामुळे == ला दोन्ही शून्यच दिसतात, म्हणजे चुकीचा पासवर्ड चालून जातो. ८.२ मध्येही. तुलनेसाठी पासवर्डला पासवर्ड व्हेरिफाय, टोकनला (लॉगिनच्या गुप्त खुणेला) हॅश इक्वल्स ही फंक्शनं वापरा.