मित्रमैत्रिणींशी संपर्क: पत्र, एसएमएस, ऑर्कुट, व्हिडिओ कॉल... तुमचे अनुभव लिहा

ओंजळ
व्हिडिओ कॉलचं स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. तिथले जुने संवाद उतरवून ठेवले होते, ती फाईल काल उघडली आणि वाचतच बसले. सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलंय माहितेय? "ऐकू येतंय का?" त्याखालोखाल "तू अडकलीस, थांब, मी परत लावते."

मैत्रीण शिकायला परदेशी गेली होती. माझी सकाळ ती तिची रात्र. कॉल नुसता चालू ठेवून आम्ही आपापली कामं करायचो. ती अभ्यास करायची, मी कपड्यांच्या घड्या. मध्येच एखादी म्हणायची, "आहेस ना?" बस, एवढंच.

आता चित्र अडकत नाही, आवाज स्वच्छ येतो. पण तिचं काय चाललंय ते स्टेटसवरून आधीच कळलेलं असतं, त्यामुळे विचारायचं राहूनच जातं. मला ते विचारणं परत हवंय. तुमच्याकडे काय झालं? सुचेल तसं लिहा.

कवडसा
ऑर्कुट! मित्रमंडळींना जोडणारी ती साइट २००४ ला आली, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. स्क्रॅपबुकातले निरोप कुणीही वाचायचं, म्हणून गुपित सांगायचं असेल तर टेस्टिमोनिअल (मित्राच्या पानावर त्याच्याबद्दल लिहायचे चार शब्द) लिहायचं आणि पहिलीच ओळ "अॅक्सेप्ट करू नकोस". समोरच्याने मान्य केल्याशिवाय ते दिसत नसे ना. माझ्या मित्राने नोकरी सोडायचं ठरवलं तेही मला असंच कळलं.

आणि खरी टेस्टिमोनिअल्स... मित्र बसून आपल्याबद्दल चार परिच्छेद लिहायचा, जगासमोर. त्यानंतर माझ्याबद्दल कुणी इतकं सलग लिहिलेलं नाही. ती जपून ठेवायला हवी होती असं फार वाटतं.

अजून_थोडं
+१ "अॅक्सेप्ट करू नकोस". आमच्यातल्या एकीने केलं होतं अॅक्सेप्ट.

कवडसा
अरे देवा. मग?

अजून_थोडं
मग काय, सगळ्यांनी वाचलं. पुढे त्या दोघांचं लग्न झालं.

सांजवात
हाहा, मस्त. वाचतेय, सवडीने लिहिते.

बोलकी_बोटं
मी जन्मापासून कर्णबधिर आहे, म्हणून माझा अनुभव उलट्या बाजूचा. सगळे फोनच्या आठवणी काढतात. घरातला फोन माझ्यासाठी भिंतीसारखा होता. मैत्रिणीला निरोप द्यायचा तर भावाला विनवायचं, तो फोन करणार, तिची आई उचलणार, ती तिला सांगणार. आम्हा दोघींचं काहीही दोघींपुरतं नसायचं.

मग एसएमएस आला. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ चा, माझ्या हातात फोन यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. पण ज्या दिवशी मैत्रिणीने थेट मला लिहिलं, मध्ये कुणी नाही, त्या दिवशी मी रात्रभर जागी होते. भांडलोसुद्धा आम्ही त्या आठवड्यात! भावाला मध्ये घेऊन भांडता यायचं नाही ना. व्हिडिओ कॉल आल्यावर तर आमची खुणांची भाषा आली, चेहरे आले. लोक म्हणतात मोबाईलने माणसं तुटली. मला माणसं मिळाली ती मोबाईलमुळेच.

देवराई
बोलकी_बोटं, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एसएमएसवरून आठवलं. इंग्रजी अक्षरांत १६० मावायची, देवनागरीत ७०च. म्हणून सगळी मराठी रोमन लिपीत. मित्राने एकदा मुद्दाम देवनागरीत पाठवला, माझ्या फोनवर नुसते चौकोन उमटले. दुसऱ्या दिवशी भेटून विचारलं, काय होतं रे त्यात? म्हणाला, "भेटायला ये."

तळटीप
आमच्या पिढीची पत्रं. त्यातली एक गंमत आता कुणाला कळायची नाही: पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडायची. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आत त्याचा नवा प्रश्न आलेला असायचा. कायम दोन संवाद एकाच वेळी चाललेले. तो रागावला आहे हे मला कळायचं तेव्हा त्याचा राग निवलेला असायचा. आमची मैत्री त्या उशिरामुळे टिकली असं माझं ठाम मत आहे. आता व्हॉट्सॲपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही आलं की पाच मिनिटांत मन खट्टू होतं.

सांजवात
निळ्या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या. मी सेटिंगमध्ये जाऊन बंदच केल्या. मैत्रिणीला सांगितलं, वाचलं की नाही ते बघू नकोस, वेळ मिळाला की लिहीन. तिनेही बंद केल्या. आता आठवड्यातून एक लांबलचक व्हॉइस नोट येते तिची. २०२१ पासून वेग वाढवून ऐकता येतं, पण मी वाढवत नाही. बोलता बोलता ती थांबते, मागे कुकरची शिट्टी होते, "थांब हं" म्हणते... ते सगळं मला हवं असतं.

(गॅसवर दूध आहे, येते परत.)

पारंबी
माझा मित्र गेला. त्याचा नंबर मी काढला नाही. परवा त्या नंबरच्या डीपीत एक अनोळखी लहान मुलगी हसताना दिसली. बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात हे माहीत होतं, तरी हात थरथरला. आमचं सगळं बोलणं मात्र खाली तसंच आहे. पुसवत नाही.

ओंजळ
पारंबी, काय बोलू. ते चॅट एक्स्पोर्ट करून फोनच्या बाहेर ठेवा. चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, 'अधिक', मग 'एक्स्पोर्ट'. फोन बदलताना जाऊ नये.

पारंबी
आजच करतो. धन्यवाद.

कवडसा
पारंबी, त्याच्याबद्दल इथे लिहा ना. टेस्टिमोनिअल समजा.

पारंबी
लिहीन. थोडा वेळ द्या.

सांजवात
दूध वाचलं. बोलकी_बोटं, एक विचारायचं होतं. माझ्या दुसऱ्या एका मैत्रिणीला अलीकडे कमी ऐकू यायला लागलंय. फोन टाळते, ग्रुपवरही गप्प. तिच्याशी कसं बोलू?

बोलकी_बोटं
आधी लिहून विचारा, "कसं बोललेलं सोपं जाईल?" तिलाच ठरवू दे. व्हिडिओ कॉल केलात तर उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, खिडकी पाठीमागे नको. ओठ दिसू देत, पण मुद्दाम ताणून बोलू नका, वाचायला अवघड जातं. आवाज चढवून उपयोग नसतो. बोललेलं अक्षरांत दाखवणारी सोय फोनमध्ये आहे का तेही बघा. आणि ग्रुप कॉलमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं, हे इतरांना तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका.

सांजवात
लिहून घेतलं. आत्ताच मेसेज टाकते तिला.