मदत हवी आहे : गॅमा किरणांनी रंगलेल्या मिठाच्या खड्यात कड गडद आणि गाभा फिका का?

नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीला घन अवस्थेच्या पाठात स्फटिकातील दोष शिकवताना ‘एफ केंद्र’ (स्फटिकातील रिकाम्या जागेत अडकलेला, स्फटिकाला रंग देणारा इलेक्ट्रॉन) ही गोष्ट दोन-चार ओळींत उरकली जाते. ती मुलांना डोळ्यांनी दाखवावी, अशी माझी फार इच्छा होती. आमचा एक माजी विद्यार्थी वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तेथील वरिष्ठांच्या परवानगीने त्याने आमचे एक लहानसे पाकीट मालाच्या खोक्यांबरोबर कोबाल्ट-६० च्या किरणांखालून फिरवून आणले. मात्रा निर्जंतुकीकरणाची नेहमीची, म्हणजे २५ किलोग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक). पाकिटात शिरोड्याच्या मिठागरातील जाड्या मिठाचे निवडून घेतलेले खडे, प्रयोगशाळेतील पोटॅशियम क्लोराइड, कासार्ड्याची सिलिका वाळू आणि सूक्ष्मदर्शकाची एक साधी काचपट्टी होती.

पाकीट अंधाऱ्या खोलीत उघडले तेव्हा मीठ गडद मधासारखे तपकिरी झालेले होते, पोटॅशियम क्लोराइड जांभळे आणि काचपट्टी तपकिरी. येथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे झाले. माझी अडचण मिठाच्या एकेका खड्याच्या आत आहे.

आधी मला जे समजले आहे ते मांडते. त्यात काही चुकत असेल तर जाणकारांनी जरूर दुरुस्त करावे. मिठात गॅमा किरण अणूला थेट धक्का देऊन जागचा हलवतात, असे सहसा होत नाही. किरणांमुळे वेगवान इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते वाटेत आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करत जातात. इलेक्ट्रॉन गमावल्याने उरलेली धन पोकळी दोन शेजारच्या क्लोराइड आयनांमध्ये वाटली जाते. तिच्याशी इलेक्ट्रॉन पुन्हा जुळताना जी ऊर्जा मोकळी होते, ती एका क्लोरीन अणूला त्याच्या ओळीतून पुढे ढकलते. मागे उरलेल्या रिकाम्या जागेत एक इलेक्ट्रॉन अडकतो, आणि तेच एफ केंद्र. मिठातील हे केंद्र सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा, म्हणजे साधारण ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषते, म्हणून खडा पिवळट तपकिरी दिसतो. पोटॅशियम क्लोराइडच्या जालकात, म्हणजे आयनांच्या नियमित मांडणीत, आयनांमधील अंतर जास्त असल्याने इलेक्ट्रॉन कोंडलेली जागा मोठी होते, शोषण ५६० नॅनोमीटरच्या आसपास सरकते आणि रंग जांभळा येतो. ग्योटिंगेन येथे रॉबर्ट पोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत अशा स्फटिकांचा फार बारकाईने अभ्यास केला. पोटॅशियम क्लोराइड सोडियमच्या वाफेत तापवले तरी ते जांभळेच होते, मिठासारखे पिवळे होत नाही. म्हणजे रंग वाफेतल्या धातूचा नसून जालकातील त्या रिकाम्या जागेचा आहे. मला स्वतःला ही गोष्ट अतिशय सुंदर वाटते आणि मुलांनाही ती लगेच पटते.

आता मूळ प्रश्न. मिठागरातील मोठा खडा नीट पाहिला तर तो एकसंध नसतो. बाहेरची कड काचेसारखी स्वच्छ असते आणि मधला भाग दुधी असतो, कारण जलद वाढलेल्या त्या भागात खाऱ्या पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब ओळीने अडकलेले असतात. किरणे दिल्यानंतर स्वच्छ कड गडद तपकिरी झाली आहे, तर दुधी गाभा फिका पिवळा राहिला आहे. ब्लेडने घनाच्या बाजूला समांतर पापुद्रा काढला की दोन्ही रंगांमधली सीमा अगदी सरळ, आखल्यासारखी दिसते. दहा-बारा मिलिमीटरच्या खड्यात गॅमा किरणांची मात्रा कडेला जास्त आणि मध्ये कमी पडावी इतका फरक संभवत नाही. तेव्हा कारण स्फटिकातच असले पाहिजे.

पहिली शंका अशी होती की हा केवळ प्रकाशाच्या विखुरण्याचा परिणाम असेल. ती तपासण्यासाठी पापुद्रा लवंग तेलात बुडवून पाहिला, कारण मिठाचा अपवर्तनांक १.५४४ आहे, लवंग तेलाचा १.५३ च्या जवळपास, आणि मीठ तेलात विरघळत नाही. पृष्ठभागावरचे ओरखडे नाहीसे झाले, पण आतले थेंब अर्थातच तसेच राहिले. मात्र थेंबांच्या दोन ओळींमधली जी अरुंद स्वच्छ पट्टी आहे, तीही त्याच जाडीच्या कडेपेक्षा भिंगाखाली स्पष्टपणे फिकी दिसते. त्यामुळे विखुरण्याचे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही.

दुसरी शक्यता अशुद्धींची. समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम आणि कॅल्शियम येतात. असा द्विसंयुजी, म्हणजे दोन धनभारांचा, आयन जालकात शिरला की विद्युतभार जुळवण्यासाठी सोडियमची एक जागा रिकामी राहते, आणि अशा अशुद्धींमुळे सुरुवातीचे रंगणे वाढते, असे वाचले आहे. मग जलद वाढलेला गाभा अधिक अशुद्ध, म्हणून अधिक गडद असायला हवा होता. येथे उलट दिसते. मॅग्नेशियम जालकात न शिरता थेंबांतल्या पाण्यातच राहत असेल काय? की थेंबांच्या भिंती दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने विरघळून पुन्हा जमत असल्यामुळे तेथील केंद्रे पुसली जात असतील? की कडेच्या भागात जालक अधिक ताणलेले असल्यामुळे तेथे रंग जास्त चढला असेल? या तिन्ही शक्यता वेगळ्या कशा काढाव्यात, हे मला सुचत नाही. स्फटिकवाढीवर प्रत्यक्ष काम केलेल्या कोणी सांगितले तर फार उपकार होतील.

मोजमापाविषयीही मार्गदर्शन हवे आहे. आमच्याकडे वर्णपटमापक, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारे उपकरण, नाही. निळा एलईडी साधारण ४६० ते ४७० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे नेमका एफ केंद्राच्या शोषणावर बसतो, आणि लाल एलईडीचा प्रकाश मिठातून जवळपास तसाच पार होतो. या दोन एलईडींचा प्रकाश छोट्या छिद्रातून पापुद्र्याच्या कडेवर आणि गाभ्यावर पाडून फोटोडायोडवर मोजावा, आणि किरणे न दिलेल्या पापुद्र्याशी त्याचे गुणोत्तर काढावे, असा विचार आहे. अडचण अशी की प्रकाशच या केंद्रांतला इलेक्ट्रॉन मोकळा करतो. खिडकीत ठेवलेले खडे पाहता पाहता फिके पडले, तर काळ्या कागदात गुंडाळलेले तसेच आहेत. मोजता मोजताच नमुना पुसला जाऊ नये म्हणून एलईडीला किती क्षीण ठेवावे, याचा कोणाला अनुभव आहे का?

वाळूची गोष्ट थोडक्यात. काही कण धुरकट झाले आणि त्यांच्या शेजारचे पांढरेच राहिले. क्वार्ट्झमध्ये सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेला असेल तेथेच धुरकट रंग येतो, तेव्हा हा फरक कणाकणांतल्या ॲल्युमिनियमचा असावा, असे मी मुलांना सांगितले आहे. हा रंग प्रकाशाने जात नाही. त्यासाठी ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते.

काही पालकांनी काळजीने विचारले की हे मीठ आता किरणोत्सारी झाले आहे का. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतात आणि सोडियम, क्लोरीन किंवा सिलिकॉनच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन उडवायला ते अपुरे पडतात. त्यामुळे मीठ किरणोत्सारी होत नाही. आपला हापूस अमेरिकेला जातो तोही किमान ४०० ग्रे मात्रा घेऊनच. तरीही हे मीठ प्रयोगाचे असल्याने ते कोणी तोंडात घालणार नाही, याची काळजी आम्ही घेतो.

शेवटी वेळेची अडचण. मृग लागला की आमच्याकडे बरणीतले मीठसुद्धा पाझरते, आणि ओल लागून पृष्ठभाग विरघळला की तेवढा रंगही गेला. सध्या खडे काळ्या कागदात, सिलिका जेलच्या डब्यात ठेवले आहेत. अंधारात तव्यावर तापवून त्यांचा मंद उजेड मुलांना दाखवायचा आहे, पण त्या तापमानाला रंग कायमचा जाईल आणि गाभ्यातले थेंब तडतडून पापुद्रे फुटतील. म्हणून मोजमाप आधी व्हावे, अशी माझी धडपड आहे. रत्नागिरी, मालवण किंवा सावंतवाडीच्या एखाद्या महाविद्यालयात दृश्य प्रकाशाचा वर्णपटमापक असेल आणि तेथील प्राध्यापक दोन पापुद्रे तपासून देण्यास तयार असतील, तर कृपया येथे कळवावे. नमुने घेऊन मी स्वतः येईन.