बिडाच्या बुलेटचा बेंड पाइप: पुन्हा क्रोम करणं म्हणजे पैसे पाण्यात. पटत नसेल तर बोला

खाडीकाठचा
हे रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. ज्यांची बुलेट चादरीखाली असते आणि फक्त दसऱ्याला हार घालायला बाहेर येते, त्यांनी खुशाल क्रोम करावं.

माझी ३५०, १९८८ची, बिडाचं इंजिन. मुक्काम रत्नागिरी, घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर. बेंड पाइप (इंजिनातून धूर सायलेन्सरपर्यंत नेणारा वाकडा पाइप) हेडपाशी, म्हणजे इंजिनाच्या माथ्याजवळ, निळा-तपकिरी झालाय आणि खालच्या वळणावर क्रोमचे पापुद्रे सुटतायत. जो बघतो तो सांगतो, "कोल्हापूरला पाठव, नवाकोरा करून देतात." मी म्हणतो, नको. ब्लास्टिंग करून (वाळूचा जोरदार मारा करून) जुनं सगळं उतरवा, उष्णता सोसणारा काळा सिलिकॉन हीट पेंट मारा, दोन पावसाळे गेले की परत मारा.

क्रोम चकाकतं, पण गंज अडवतं ते त्याच्याखालचं निकेल. वरचा क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो. निकेल १५-२० मायक्रॉन बसलं तर काम टिकतं. पण ते कमी बसलंय की नीट, हे डोळ्यांना कळत नाही, दोन्ही सारखंच चमकतं. शिवाय प्लेटिंगआधी बफिंग करताना आधीच खाल्लेला पत्रा आणखी पातळ होतो.

मुख्य म्हणजे प्लेटिंग बाहेरून होतं. पाइपच्या पोटात करंट पोचत नाही, तिथे पत्रा उघडाच राहतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बाजारात जाऊन मासे घेऊन परत आलात, पाइप पुरता तापलाच नाही, तर त्यातल्या बऱ्याचशा वाफेचं आतच पाणी होतं. आपण बाहेरून आरसा करायचा आणि तो आतून कुजणार.

उद्यमनगरी
काय राव, थेट आमच्या गावावरच घसरलात!

तुमचं अर्धं बरोबर हाय. पातळ निकेलची कामं होतात, नाकारत नाही. पण ती गिऱ्हाईकच मागतं. "स्वस्तात करा" म्हणायचं आणि मग सहा महिन्यांत उडालं म्हणून बोंब मारायची. तांबं, त्यावर जाड निकेल, वर क्रोम असं सांगून करून घेतलेला पाइप इथं वर्षानुवर्षं चाललेला बघितलाय मी. रस्त्याचा खडा लागला तर तुमच्या पेंटचा टवका उडतो. पेट्रोल सांडलं तर नीट न भाजलेला पेंट हाताला लागतो. आणि काळा बेंड, चकचकीत सायलेन्सर? बुलेटला ते शोभत नाही, बास.

दुसरं. निळं झालं म्हणून क्रोमला शिव्या घालू नका. पाइप निळा पडतो तो जास्त तापतो म्हणून. प्लॅटिनम (ठिणगी पाडणारे पॉइंट) झिजून ठिणगीचं टायमिंग मागं गेलं असंल, नाहीतर मिकार्ब, म्हंजे कार्बोरेटर, पातळ मिश्रण देत असंल, नाहीतर हेडपाशी पाइप ढिला बसून हवा ओढत असंल. टायमिंग मागं असलं की पेट्रोल उशिरा जळतं आणि उरलेली आग पाइपात जाते. ते तसंच ठेवून पेंट मारला तर पेंटबी जळणार.

दोनस्ट्रोक्या
आतून कुजण्याची भीती फोरस्ट्रोकवाल्यांनाच. आमच्या टूस्ट्रोक येझदीला एका सिलिंडरला दोन बेंड, पण पेट्रोलात तेल असतं म्हणून आतून दोन्ही तेलकट, गंजायची टाप नाही. आमचं दुखणं वेगळं. कार्बन साचला की मिस्त्री सायलेन्सर जाळतात. जाळ झाला की बाहेरचं क्रोम गेलंच. म्हणून मी कॉस्टिक सोड्यात भिजवून कार्बन काढतो. (हातमोजे आणि चष्मा घालून. आणि अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात बुडवायचा नाही, सोडा त्याला खातो.)

पेंट की क्रोम? क्रोम. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला. तिथून निघालेली गाडी जशी होती तशी दिसावी एवढंच म्हणणं.

खाडीकाठचा
@उद्यमनगरी, टायमिंगचं मान्य. पण निळेपणा हा माझा मुद्दाच नव्हता. निळा डाग काढायला पॉलिश मिळतं. सुटलेला पापुद्रा कशाने चिकटवू?

@दोनस्ट्रोक्या, जशी होती तशी म्हणजे कोणत्या दिवशी होती तशी? शोरूममधून निघाली त्या दिवशी की पहिला पावसाळा संपला त्या दिवशी?

हौशी_पुणेकर
एवढा वाद कशाला? पाइपला हीट रॅप, म्हणजे उष्णता अडवणारी कापडी पट्टी, गुंडाळा. दिसायलाही कॅफे रेसर, पायालाही चटका नाही.

खाडीकाठचा
अहो, कोकणात? रॅप म्हणजे पाइपला ओला पंचा गुंडाळून ठेवणं. पाणी आत धरून ठेवतो, उष्णता कोंडतो, आणि सोडाल तेव्हा हातात पाइपऐवजी चाळण येईल. विषय संपला.

निकेलचा_वास
मी प्लेटिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे क्रोमची बाजू घेईन असं वाटेल. घेणार नाही.

आमचा धंदा प्रदूषण मंडळाच्या लाल, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्यांच्या, वर्गात येतो, उगाच नाही. क्रोमिक अॅसिडमधलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे, यात वाद उरलेला नाही. युरोपात २०१७ पासून क्रोमिक अॅसिड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. पर्याय म्हणून ट्रायव्हॅलंट क्रोम आहे, रंग किंचित वेगळा दिसतो आणि जुन्या गाड्यांचे शौकीन लगेच नाक मुरडतात. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया करणारा माणूस तुम्हाला स्वस्त दर देऊच शकत नाही. एका पाइपचं काम फार स्वस्तात होत असेल तर पैसे कुठे वाचले? एकतर निकेलमध्ये, नाहीतर नाल्यात.

तरी करायचंच असेल तर जाडी मोजायचं यंत्र आहे का विचारा, असेल तर समोर मोजून घ्या. अॅसिडमधून काढलेला पाइप आतून धुतला का हेही विचारा. आत राहिलेलं अॅसिड पाण्याआधी पत्रा खातं.

आता धागाकर्त्यांसाठी. पेंटवाले जे चुकतात ते वाचा. जुन्या क्रोमवर पॉलिश पेपर फिरवून पेंट मारला तर तो धरत नाही, ब्लास्टिंगच हवं. ब्लास्टिंग झालेला पाइप तुमच्याकडच्या हवेत रात्रभर ठेवला तर सकाळी लाली चढलेली असते, म्हणून त्याच दिवशी पहिला हात. खाली रेड ऑक्साइडचा प्रायमर अजिबात नको, ते जळतं आणि वरचं घेऊन पडतं. साधं पावडर कोटिंगही नको, दोनशे अंशांच्या पुढे त्याचा निभाव लागत नाही आणि जोरात चालवलेल्या गाडीच्या हेडपाशी पत्रा त्याच्या खूप पुढे जातो. हात पातळ द्या. जाड थराला फोड येतात. आणि हा पेंट हवेत सुकतो, पक्का होत नाही. पक्का होतो तो टप्प्याटप्प्याने तापवल्यावर: थोडं तापवा, पूर्ण गार होऊ द्या, पुढच्या वेळी जास्त. इंजिनवरच करत असाल तर समोर पंखा लावा, उभ्या गाडीला वारा नसतो. डब्यावर ६०० अंश लिहिलेलं असतं ते असं भाजल्यानंतरचं. घरच्या ओव्हनमध्ये मात्र नको, ज्यात नंतर केक होणार आहे त्यात तर नकोच.

वसईचे_काका
तुम्ही सगळे माइल्ड स्टीलच्या प्रेमात का पडलाय? ३०४ स्टेनलेसचा बेंड करून घ्या. १८ टक्के क्रोमियम धातूतच आहे, उडायला थर नाही, आतूनही तेच. हेडपाशी सोनेरी-निळा होईल, तो रंग मला तर आवडतो. घेताना लोहचुंबक लावून बघा. सरळ भागात घट्ट चिकटलं तर ते ३०४ नव्हे. बहुधा ४०९ या हलक्या जातीचं स्टेनलेस असेल, त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, वर तांबूस गंज येतोच.

उद्यमनगरी
काका, स्टेनलेसचं बेंडिंग सुरकुती न पाडता करणारा गाठायला पाहिजे. मिळतो. पण खारी हवा लागली की ३०४वरबी चहाच्या डागासारखे ठिपके येतात. समुद्राकाठी "गंजत नाही" असं काही नसतं बघा.

वसईचे_काका
ठिपके कापडाने निघतात हो. भोक पडत नाही.

दोनस्ट्रोक्या
आणि मूळ पाइपचं काय करायचं? भंगारात? पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी असाच एखादा ओरिजिनल बेंड शोधत फिरणारा मीच असतो. विकत घेतो मी, पत्ता सांगा.

खाडीकाठचा
मूळ पाइप ठेवणार. काकांचा मुद्दा पटण्यासारखा आहे, कारण या सगळ्यात पाइपच्या आतल्या बाजूचं उत्तर फक्त त्यांनी दिलं. बाकी सगळे बाहेरून बोलताय. पण स्टेनलेसच्या खर्चात माझे कितीतरी पेंटचे डबे येतात. ब्लास्टिंगवाला एमआयडीसीत आहे, सकाळी देऊन दुपारी आणतो. पेंट उडाला तर मी स्वतः मारू शकतो. क्रोम उडालं तर घाट उतरून कोण येणार आहे?

आतल्यासाठी माझा उपाय साधा आहे. पावसाळ्यात गाडी उगाच दोन मिनिटं सुरू करून बंद करायची नाही. सुरू केली तर पाइप पुरता तापेपर्यंत चालवायची, नाहीतर हातच लावायचा नाही.

निकेलचा_वास
हे सगळ्यात महत्त्वाचं. "बॅटरी उतरू नये" म्हणून रोज दोन मिनिटं इंजिन चालवणारे सायलेन्सर कुजवतात. तेवढ्यात बॅटरीही भरत नाही.

उद्यमनगरी
बरं ऐका. पाइप पाठवा, निकेल माझ्यासमोर मोजून घेतो, अॅसिड धुवून घेतो. पण आधी प्लॅटिनमचा गॅप आणि टायमिंग बघा. ते मागं असलं तर आमचं क्रोमबी निळं पडंल आणि दोष आमच्या गावाला लागंल.

खाडीकाठचा
टायमिंग उद्याच बघतो. पाइप पाठवत नाही.