आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल: आठवीतल्या लेकीच्या प्रोजेक्टसाठी सल्ला हवाय

ठाकुर्ली_स्लो
मंडळी, मदत करा. लेक आठवीत आहे, शाळेने चौघीचौघींचे ग्रुप करून पूल बांधायला दिलाय. नियम असे की फक्त आईस्क्रीमच्या काड्या आणि चिकटवायला काहीही, पण दोरा, तार, खिळे चालणार नाहीत. दोन बाकांमधलं अंतर ६० सेमी, पुलाचं स्वतःचं वजन ४०० ग्रॅमच्या आत. शेवटी मधोमध हुक अडकवून बादली टांगणार आणि पूल मोडेपर्यंत मगाने पाणी ओतणार. हातात १२ दिवस आहेत आणि मी कॉमर्सवाला.
रविवारी एक प्रयत्न झाला, यूट्यूबवर बघून ग्लू गनने. दिसायला एकदम झकास, बाजूला झेंडाबिंडा पण लावला होता, आणि अडीच लिटरला आडवा. म्हणजे मोडला असं नाही म्हणता येणार, एका बाजूला कलंडला आणि मग सगळंच सुटत गेलं. चौघींचे चेहरे बघवत नव्हते.
आता प्रश्न: डिझाईन कुठलं घ्यावं? वॉरेन, प्रॅट, हाव अशी नावं वाचली, डोक्यावरून गेली. ग्लू गन ठेवू की फेव्हिकॉल?

तिखट_मिसळ
शाळेचं प्रोजेक्ट म्हणजे आईबापाची वार्षिक परीक्षा, पुरवणी घेऊन बसा :)
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, वाखुसा (वाचनखूण साठवली).

थर्ड_इयर_सिव्हिल
दादा आम्ही कॉलेजच्या फेस्टला हेच केलंय. डोळे झाकून प्रॅट घ्या. त्यात तिरक्या दांड्या मधल्या बाजूला उतरत जातात, त्यांच्यावर ताण येतो आणि दाब येतो उभ्यांवर, त्या आखूड असतात म्हणून लवत नाहीत. हाव ट्रस (ट्रस म्हणजे दांड्या जोडून केलेला त्रिकोणांचा सांगाडा) बरोबर उलटा. ६० सेमीला १० सेमीचे सहा खण पाडा, उंची १० ठेवा, विषय संपला.
ग्लू गन फेकून द्या. तो गोंद रबरासारखा ताणतो, वजनाने पण जड. फेव्हिकॉलच, आणि तो पण शाळेचा पिळायच्या बाटलीतला नको, सुतार वापरतात तो एसएच आणा.

निवृत्त_उपअभियंता
धागाकर्ते, "कलंडला" हे लिहिलंत ते बरं केलंत, रोगाचं नाव त्यातच आलं. तुमच्या दोन बाजू एकमेकींना नीट बांधलेल्याच नसणार. पूल बघताना सगळे बाजूने बघतात, वरून कोणी बघत नाही. दोन्ही ट्रसच्या वरच्या दांड्या एकमेकींना आडव्या काड्यांनी जोडा आणि त्या प्रत्येक चौकोनात फुली मारा. खालीही तसंच. फुली का, ते मुलींना समजवायचं असेल तर पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या ड्रॉइंग पिनांनी जोडून चौकोन करा, बोटाने ढकलला की तिरपा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा, हलत नाही. दहा मिनिटांचं काम आहे पण एकदा हाताला कळलं की विसरत नाहीत.

आता थोडं गणित, घाबरू नका, आठवीच्या मुलीला येण्यासारखं आहे. मधोमध २० किलो टांगले आणि अंतर ६० सेमी, तर २० गुणिले ६० भागिले ४, आले ३००. याला पुलाच्या उंचीने भागायचं. उंची १० असेल तर वरच्या दांड्यांवर मध्यावर ३० किलोचा दाब, दोन ट्रसमध्ये वाटला की प्रत्येकी १५. उंची ५ च ठेवली तर हाच जोर दुप्पट. म्हणून बुटका पूल नको.
हा दाब काडी सहन करते का? चिरडायचं म्हटलं तर आरामात, पण ती चिरडत नाही, लवते. काडी फक्त २ मिमी जाडीची, पट्टी दोन्ही टोकांनी दाबल्यावर कशी धनुष्य होते तशी होते. दोन काड्या एकावर एक पूर्ण चिकटवल्या की लवायला होणारा विरोध दुप्पट नाही, आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. तेव्हा वरचा दांडा दुहेरीच करा.

गणिताच्या_बाई
थर्ड इयर, तुझ्या प्रॅटला माझी एक शंका. १० बाय १० च्या खणात तिरकी दांडी किती लांब? पायथागोरस लाव, १४.१ सेमी. बाजारातली साधी काडी ११.४ सेमी. पुरवणार कुठून?

थर्ड_इयर_सिव्हिल
बाई 🙈
आम्ही दोन काड्या जोडून लांब केल्या होत्या. आणि हो, मोडला तेव्हा तिथेच मोडला होता, आत्ता आठवलं.

कोकणी_फणस
मग हाव का नको? तो तर लाकडाच्या पुलांसाठीच निघाला ना, १८४० चा. आपल्या काड्या पण लाकूडच.

निवृत्त_उपअभियंता
निघाला लाकडासाठीच, पण त्यातल्या उभ्या दांड्या लोखंडी सळया होत्या, टोकाला नट घालून आवळायच्या. लाकूड ताणात जोडणं अवघड, म्हणून ताण लोखंडाला दिला आणि दाब लाकडाला. धागाकर्त्यांना लोखंड बंद आहे. शिवाय तिरक्या दांड्या त्यातही तेवढ्याच लांब.
बाईंची शंका योग्य आहे, मीही प्रॅटच लिहिणार होतो, गप्प बसतो. इथे काडीची लांबीच डिझाईन ठरवणार. वॉरेन घ्या, १८४८ चं पेटंट, नुसते समभुज त्रिकोण. एक बाजू म्हणजे एक अख्खी काडी, कापाकापी नाही. काड्या टोकाला साधारण १ सेमी एकमेकींवर येतात म्हणजे सांध्यापासून सांध्यापर्यंत १०.४ सेमी मिळतात. असे सहा त्रिकोण खाली, ६२.४ सेमी झाले, आणि बरोबर मध्यावर एक सांधा येतो, हुक तिथेच. सात त्रिकोण केलेत तर मध्यावर सांधा येणार नाही, काडीच्या पोटात वजन लटकेल आणि ती कट्कन जाईल. उंची ९ मिळते, मघाच्या हिशोबात ३० च्या जागी ३३ धरा. टोकाला खालचा दांडा दोन-दोन सेमी पुढे काढा, बाकावर टेकायला.

गणिताच्या_बाई
अजून दोन गोष्टी, आमच्या शाळेत दरवर्षी बघते म्हणून. एक, पाकिटातल्या काड्या टेबलावर सपाट ठेवून बघा, वाकड्या आणि गाठीच्या बाजूला काढा. शंभरातल्या वीसेक तरी जातात. त्या फुल्यांना आणि आडव्यांना वापरा, दांड्यांना नको. दोन, त्रिकोणांचं चित्र खऱ्या मापात ग्राफ पेपरवर काढा, वर प्लॅस्टिकचा कागद पसरा आणि त्यावरच चिकटवा. दोन्ही बाजू एकाच चित्रावर झाल्या की जुळ्या होतात. नाहीतर एक ट्रस अर्धा सेमी लांब निघतो आणि मग सगळा पूल पिळलेला.

कोकणी_फणस
आणि वाळायला वेळ द्या हो. आमच्याकडे पावसात फेव्हिकॉल दोन दिवस झाले तरी चिकचिकीत असतो. थर पातळ लावायचा, बदाबदा ओतला म्हणजे घट्ट असं काही नाही, आणि वाळेस्तोवर सांध्याला कपडे वाळत घालायचा चिमटा. आमच्या आईचे तीन डझन नेले होते, दोन दिवस दोरीवर कपडे दगड ठेवून वाळत होते.

थर्ड_इयर_सिव्हिल
+१ चिमट्यांना. आणि काड्यांना पॉलिश किंवा रंग असेल तर टोकं सँडपेपरने घासून घ्या. रंगावर फेव्हिकॉल धरत नाही, सांधा अख्खा पापुद्र्यासारखा निघतो.

निवृत्त_उपअभियंता
सांध्यांचा विषय निघालाच आहे तर, वीस वर्षं पूल तपासत फिरलो, काड्यांचे असोत की पोलादाचे, आधी सांधे बघायचे. ठाकुर्ली म्हणजे तुम्ही लोकलवालेच, मुलीला एकदा एखाद्या लोखंडी रेल्वे पुलाच्या नाहीतर जुन्या पादचारी पुलाच्या जवळ न्या आणि वर बघायला सांगा. जिथे चार दांड्या भेटतात तिथे एक पत्रा असतो, त्याला आम्ही गसेट म्हणतो, आणि त्यावर रिव्हेटांची रांगच्या रांग. कोलकात्याचा हावडा ब्रिज, १९४३ चा, नटबोल्ट न वापरता असाच रिव्हेट मारून उभा केलाय. तुम्ही काडीचे छोटे तुकडे करून प्रत्येक सांध्यावर बाहेरून चिकटवा, तोच तुमचा गसेट. एकेरी दांड्यांनाही लावा, आळस करू नका.
एका काडीचं वजन सव्वा-दीड ग्रॅम धरा, दीडशे काड्यांत सगळं बसतं. ४०० ग्रॅम आहेत म्हणून ४०० भरायचे असं नाही.

तिखट_मिसळ
पॉपकॉर्न संपले, आता काड्या विकत घ्यायला निघालोय. माझ्याकडे पोरगी पण नाही आणि प्रोजेक्ट पण नाही.

गणिताच्या_बाई
आणि बाबा, कृपया हात पाठीमागे बांधून बसा. मुलींनी केलेला वाकडा पूल आम्हाला लांबून ओळखता येतो, बाबांनी केलेला सरळ पूल तर त्याहूनही लांबून.

ठाकुर्ली_स्लो
दोन आठवड्यांनी येतोय, माफी. आधी निकाल: वजन २७० ग्रॅम, पाणी १७ लिटर! वर्गात दुसरा नंबर. वॉरेनच केला, वरचा दांडा दुहेरी, फुल्या सगळीकडे, गसेट पण कापले (बोटांना दोन बँडेड). मुलींनी मधे एक अर्ध्या लांबीचा पूल करून घरीच मोडून बघितला, खाली जुनी चादर टाकून, त्यात कळलं की आडव्या काड्या आधी सुटतात, मग त्यांच्या टोकांना पण तुकडे लावले. ही आयडिया त्यांचीच, मी सुचवलेली नाही.
आता कुठे मोडला ते. बाकीचा पूल अगदी शाबूत, डावीकडून दुसरा खालचा सांधा तेवढा उघडला. आदल्या रात्री ११ वाजता पेटीत ठेवताना तो माझ्या हातून सुटला होता, मुली झोपल्या होत्या, फेव्हिकॉल वाळायला वेळ नव्हता, म्हणून मी गुपचूप ग्लू गन काढली.
लेकीने तुकडा हातात घेतला, तो पांढरा रबरासारखा गोंद बघितला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही.

गणिताच्या_बाई
हात पाठीमागे म्हटलं होतं मी.

निवृत्त_उपअभियंता
१७ लिटर म्हणजे उत्तम, चौघींना शाबासकी कळवा. तो सांधा टाकू नका, दोन्ही बाजूंचा जवळून फोटो काढून इथे डकवा. गोंद काडीवरून सोलून निघाला की मधोमध फाटला, ते बघायचंय.